हरेश्वरकाकांचा परदेशी नातू

आमच्या आळीतले हरेश्वरकाका हट्टाला पेटले की ब्रह्मदेवाचंही काही चालत नाही. केळीची वाडी, थोडी भातशेती आणि जगातल्या प्रत्येक विषयावर ठाम मत, एवढी त्यांची इस्टेट. मुलगी रचना आणि जावई दीपेश कॅनडात जाऊन तिथले नागरिक झाले, तेव्हा काका कितीतरी दिवस कुणाशी धड बोलत नव्हते. मग रचनाला दिवस गेले आणि काकांना युक्ती सुचली. पहिलं बाळंतपण माहेरी! रीतच आहे ती, जावई बोलतोय काय?

"वसईत जलमला म्हंजे इंडियन," कुंपणावरून डोळा मारत ते मला म्हणाले. "घरातला एक तरी इकडचा ऱ्हाईल." केळीचं रोप ज्या वाडीत रुजलं त्या वाडीचं, हा त्यांचा कायदा.

रचना आली, नातू झाला. काकांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले, ऑस्करकडे तर दोनदा, कारण आनंदात पहिली फेरी ते विसरलेच. ऑस्कर आमच्यातला वकील. दुसरा पेढाही तोंडात टाकत तो म्हणाला, "काका, अभिनंदन! पण हा इंडियन नाय. आई-बाप दोघं कॅनडाचे, तर पोरगा पण कॅनडाचाच. जन्म कुठं झाला, नुसतं तेवढं आता चालत नाय. आणि रचनाकडे इकडे राहायचं ओसीआय कार्ड तरी आहे, याच्याकडे काहीच नाय. चौकीवर कळवून टाका, घरात परदेशी माणूस राहतोय म्हणून."

काकांचा चेहरा साफ उतरला. पण आतून हंसाकाकू ओरडल्या, "अवो, तुमच्या कॅनडाच्या सायबानं लंगोट भिजवलाय, बदला!" आणि काका पोट धरधरून हसायला लागले.

चौकीवर जाताना काकांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. हवालदार गंभीरपणे संगणकापुढे बसला.

"परदेशी नागरिकाचं नाव?"

"बारसं व्हायचंय."

"आला कुठून?"

"नाक्यावरच्या मॅटर्निटी होममधून."

"काम काय करतो?"

"दूध पितो. मग झोपतो."

"आमच्याकडे पण आहेत असे दोघं-तिघं," मागून एक हवालदारीण म्हणाली आणि सगळी चौकी खिदळायला लागली. मला तर हसून हसून उचक्या लागल्या. हवालदारानं डोळे पुसत, सवयीनं पुढचा प्रश्न विचारला.

"परत कधी जाणार?"

नातू जाणार हे काकांना माहीत होतं, पण असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं.

"परत नाय, सायेब," ते म्हणाले. "तिकडे तर तो पैल्यांदाच जानार. परत येल, तो इकडे येल." आणि भर चौकीत ते लहान पोरासारखे रडायला लागले.