दगडाखालचे खड्डे

हरकतीचा अर्ज मी एका दुपारी लिहून काढला. अकरा मुद्दे, प्रत्येकाला क्रमांक, खाली सह्यांसाठी रकाने. सोसायटीची सेक्रेटरी म्हणून नऊ वर्षं काढल्यावर पालिकेला पत्र कसं लिहायचं ते मला कोणाला विचारावं लागत नाही.

अर्ज माझ्यासाठी नव्हता. पालीच्या कोळीवाड्यातून आमच्या इमारतीत मासे घेऊन येणाऱ्या मावशीसाठी होता. पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हा ती सुकी मासळी आणते. त्या दिवशी सकाळी टोपली उतरवून तिने आधी फोन पुढे केला. त्यात नव्या घरांच्या प्रारूप आराखड्याचा फोटो होता. तिच्या वस्तीमागची बोंबील वाळवायची जागा त्यात पिवळी रंगवली होती. पिवळं म्हणजे तिथे इमारती येणार. हरकती घ्यायला बारा दिवस उरले होते.

शनिवारी ती आली तेव्हा मी जिन्यातच अर्ज वाचायला घेतला. मुद्दा एक, सदर जागेवर कोणतंही बांधकाम होऊ नये. तिने तिथेच थांबवलं.

"घरं नको कोन बोललं तुला?"

मी म्हटलं, मावशी, इमारती आल्या तर तुमची जागा जाईल ना.

"दोन खोल्यांत आमी सात जनं ऱ्हातो. सून सैपाकघरात निजते. घरं पायजेत, बाय. पन वलांड्या ऱ्हायला पायजेत."

वलांड्या म्हणजे बांबू रोवून, त्यांना आडव्या काठ्या बांधून केलेल्या मांडण्या. बोंबील त्यांच्यावर टांगून वाळवतात. त्या गेल्या तर तिच्या घरचं सुकं बंद, आणि वर्षातले चार महिने तिच्या टोपलीत काही नाही. मी तिला काय हवं ते न विचारताच अकरा मुद्दे लिहून बसले होते. त्यातले आठ खोडले. मग विचारलं, वलांड्या कोणाकोणाच्या, किती, कुठे, याची यादी द्या. ती म्हणाली, यादी कशाला, सगळ्यांना माहीत हाय.

रविवारी वही, टेप आणि छत्री घेऊन पालीला गेले. गल्ली अरुंद, म्हणून स्कूटर कोपऱ्यावरच लावली. मावशीच्या मागून वस्तीच्या टोकाला पोचले आणि पाहते तर तिथे काहीच नाही. गुडघाभर गवत, दोन बकऱ्या. पावसाळ्यात बांबू काढून घराच्या पडवीत बांधून ठेवतात. नकाशासाठी पाहणी करणारे बहुधा गेल्या पावसाळ्यात येऊन गेले असावेत. त्यांच्या जागी मी असते तर मीही पिवळा रंगच दिला असता.

मावशीने टाचेने गवत बाजूला केलं. खाली चपटा दगड. दगड उचलला तर हातभर खोल खड्डा, आतून मोकळा. बांबू काढला की प्रत्येक घर आपापल्या खड्ड्यावर दगड ठेवतं, म्हणजे चिखल आत जात नाही आणि पाऊस सरल्यावर बांबू त्याच जागी उभा राहतो.

"ह्यो माजा," ती एकेक दगड दाखवत चालली. "ह्यो माज्या नणंदेचा. मदी जागा सोडलीय ती भांडनामुलं. ते पन लिव."

मी लिहिलं. चौदा घरं, प्रत्येकाचे खड्डे, दोन खड्ड्यांमधलं अंतर, आणि शेरा या रकान्यात एके ठिकाणी 'वाद'.

यादी जोडून अर्ज मुदतीत दिला. सुनावणीला पालिकेच्या साहेबांच्या टेबलावर कागदांचा ढीग होता आणि आमच्या मागे मोठी रांग. त्यांनी पाहणीतला फोटो पाहून सांगितलं की जागा मोकळी दिसते. मी पहिला मुद्दा सुरू केला तसं त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात मावशी पुढे झाली.

"साएब, येकतरी दगड उचलून बगितला का?"

कुठला दगड, असं त्यांनी विचारलं. मी वही पुढे सरकवली. ते एकेक ओळ वाचत 'वाद'पर्यंत आले आणि पहिल्यांदा हसले. या वादाची रुंदी किती, असं त्यांनी विचारलं. साडेचार फूट, मी म्हटलं. त्यांनी आराखड्याचं काम पाहणाऱ्या वास्तुविशारद बाईंना जागेवर जायला सांगितलं.

त्या पुढच्या आठवड्यात आल्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. चपला हातात घेऊन चिखलात उतरल्या आणि दगड स्वतः उचलून पाहिले. मग मला विचारलं, वारा कुठून येतो? मी वही उलटसुलट केली. चौदा घरं होती, अंतरं होती, नणंदेचं भांडणही होतं. वारा नव्हता. बोंबील उन्हाइतकेच वाऱ्यावर वाळतात, आणि समुद्राच्या बाजूला चार मजले उभे राहिले तर जागा राखूनही उपयोग नव्हता. मावशीने हात लांब करून दिशा दाखवली. मी नवा रकाना आखला.

सुधारित नकाशा लागला तेव्हा आम्ही दोघी बघायला गेलो. इमारती रस्त्याच्या बाजूला सरकल्या होत्या, आणि पिवळ्याच्या जागी हिरव्या रेघा होत्या. त्यांवर 'मासे वाळवण्याची जागा' असं छापलं होतं. अंतिम मंजुरी अजून यायची आहे, घरं कोणाला मिळणार त्याची यादी त्यानंतर. पण पाऊस सरला तसे बांबू त्यांच्या खड्ड्यांत उभे राहिलेत.

परवा मावशी ओले बोंबील घेऊन आली आणि मला वही काढायला लावली. तिला पहिला मजला हवाय, खिडकी वलांड्यांकडे.

मी म्हटलं, अजून वेळ आहे मावशी, आणि त्या बाजूचा समुद्र वरच्या मजल्यावरून जास्त छान दिसेल.

"समुद्र काय बगायचा? नणंद माज्या काठीवर आपले बोंबील टाकते का, ते बगायचंय."

लिहून ठेवलंय. पहिला मजला, खिडकी वलांड्यांकडे. शेरा: वाद चालू.