एकोणिसाव्या पानावरची पहिली खूण

धाकट्या जावेने सासूबाईंना टॅब आणून दिला, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखतंय. उगाच मोठेपणा कशाला सांगू? जळले मी, चांगली जळले.

सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी मी बसते. मी लग्न होऊन आले तेव्हा आई, म्हणजे आमच्या सासूबाई, टेलिफोनच्या बोर्डावर कामाला होत्या. दिवसभर दुसऱ्यांच्या गप्पा जोडून द्यायच्या, म्हणून घरी आल्या की कुणाशी बोलायच्या नाहीत. पिठाच्या डब्याला पुस्तक टेकवायचं आणि भाजी चिरता चिरता वाचायचं. कुणी शेवट सांगितला तर त्याची खैर नाही. एकदा सासऱ्यांशी आठवडाभर अबोला धरला होता. ती पुस्तकं मी आणायचे. या घरात माझी किंमत होती ती तेवढ्यानेच. माझ्या स्वयंपाकाबद्दल न बोललेलंच बरं.

आणि आता हा टॅब! त्यातल्या ॲपला महिन्याचे पैसे भरा, पाहिजे तेवढी पुस्तकं वाचा, अक्षर हवं तेवढं मोठं करा.

"आई, बघा तरी, बोट लावलं की पान उलटतं," धाकटी लाडात म्हणाली.

आईंनी बोट लावलं. झालं! मी शनिवारी आणलेलं पुस्तक चपलांच्या कपाटावर तसंच पडून राहिलं.

वाचनालयातही तीच रड. त्या ॲपवाल्या कंपनीने नवी पुस्तकं स्वतःकडे अडवून ठेवलेली. आम्हाला छापील प्रत मिळायची ती सहा महिन्यांनी. ज्यांना परवडत होतं ते वाचक गेले. उरलेले येऊन विचारायचे, "आलं का?" मी म्हणायचे, "नाही आलं." दुसरं काम उरलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी आई टॅब घेऊन माझ्यासमोर उभ्या. अर्धं वाचून झालेलं पुस्तकच गायब! धाकटीने कंपनीला फोन लावला.

"करार संपला म्हणे, काढून टाकलं."

"अगं, पण माझं कुठे संपलं होतं?"

मला काय आनंद झाला! "बघा," मी म्हटलं, "माझं पुस्तक कधी असं पळून गेलं का?"

आई जाऊन ते कपाटावरचं पुस्तक घेऊन आल्या आणि एकोणिसावं पान माझ्या नाकासमोर धरलं. आमचे जुने वाचक वाचून झालं की त्या पानावर पेन्सिलीने आपापली खूण करतात, म्हणजे तेच पुस्तक परत घरी नेलं जात नाही.

"ही मास्तरांची फुली. हा डॉक्टरीणबाईंचा बाण. आता माझा गोल कुठे काढू? नेहमीसारखा खाली, कोपऱ्यात? सून वाचनालयात बसते आणि मला सगळ्यांचं उष्टं! तो मास्तर तुझा कोण लागतो गं? टॅबवर निदान मला कुणाच्या मागे उभं राहावं लागत नाही."

घरच्यांना आधी देते असं लोक म्हणतील, म्हणून मी आईंचा नंबर कायम शेवटी टाकायचे. आणि या बाई इतकी वर्षं मास्तरांवर जळत होत्या! मी त्या टॅबवर जळत होते तशाच.

करार संपला तसं ते टॅबवरून गेलेलं पुस्तक आम्हालाही मोकळं झालं. पुढच्याच आठवड्यात कोरी करकरीत प्रत आली. नंबर मास्तरांचा होता. मी शिक्का मारला आणि प्रत आईंच्या नावावर लावली. मास्तर येतील, तोंडाला येईल ते बोलतील. बोलू देत.

आईंनी पुस्तक हातात घेतलं, वास घेतला आणि सरळ एकोणिसावं पान उघडलं. पान कोरं होतं. दारातून धाकटी बघत होती. तिचं तोंड एवढंसं झालेलं पाहून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"पेन्सिल दे," आई म्हणाल्या.

"अहो आई, खूण वाचून झाल्यावर करायची असते!"

"वाचीन सावकाश," त्या म्हणाल्या आणि पानाच्या अगदी वर, मधोमध, गोल काढला. "आधी जागा धरून ठेवते."