तुंब्यातली टेकडी

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या ट्रंकेत कॅमेरा नव्हता, आणि तरीही मी फोटो काढायलाच निघालो होतो. स्टेशनवर सोडायला आलेल्या ताईने हे ऐकून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

या सगळ्याचं खापर एका करवंटीवर फोडायला हवं. ताईच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या भाऊजींचा, फोटो स्टुडिओ आहे आणि तिथे मी मागच्या पडद्यावरचे हंस रंगवतो. तळं, कमळं आणि दोन हंस. त्यांच्यापुढे निम्म्या पुण्याची लग्नं बसून गेली. हंसांचा रंग उडाला की मी पुन्हा भरतो. गेल्या वर्षी, साठ सालच्या दिवाळीनंतर, मला त्या हंसांचा वीट आला. एका रविवारी मी नारळाच्या करवंटीच्या मऊ डोळ्याला टाचणी टोचली, आत फोटोचा कागद लावला आणि गच्चीवरून समोरच्या चाळीचं एक धुरकट चित्र काढलं. तिथून माझ्या डोक्यात वारं शिरलं.

"असाच खऱ्या डोंगराचा फोटो आणला, तर दर्शनी कपाटात लावाल?" मी भाऊजींना विचारलं.

भाऊजी हसले नाहीत. स्टुडिओत ते कधीच हसत नाहीत. त्यांनी काळ्या पाकिटात तीन कागद घातले. "कागद माझे. बाकी सगळं रानातलं. दुकानातली एकही वस्तू चालणार नाही. फोटो आला तर लावतो. नाही आला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मुकाट्याने हंस रंगवायचे."

यवतमाळ जिल्हाच का, तर पुण्यात शिकायला असताना माझ्या खोलीत राहिलेला माधव. मूळचा तिकडचाच, आता दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावर (बंजाऱ्यांची वस्ती) मास्तर झालेला. इथले तुंबे (वाळवलेले भोपळे) माणसाच्या डोक्याहून मोठे असतात, असं त्याने लिहिलं होतं. माझ्या डोक्याबद्दल त्याचं मत काय आहे ते मला ठाऊक होतं, तरी मी निघालो.

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून मी छोट्या गाडीत बसलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. समोरच्या शेतकऱ्याच्या मिशीतही त्याचे दोन तंतू अडकले होते.

"कुठं चालले?" त्याने विचारलं.

"दारव्ह्याला. फोटो काढायला."

"मंग फोटोची पेटी कुठं हाय?"

"ती अजून मिळवायची आहे. भोपळ्याची करणार आहे."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, गाठोडं उचललं आणि तो पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.

दारव्ह्याला माधव बंडी (बैलगाडी) घेऊन आला होता. "अबे, थे कागद तेवढे सांभाळ," तो म्हणाला. "बाकी सारं इथं फुकट हाय."

तांडा एका बुटक्या टेकडीच्या पायथ्याशी होता. पूर्वी ही माणसं बैलांवर माल लादून मुलुखभर हिंडायची. आता त्यांची इथेच शेती आहे. तांड्याच्या नायकाच्या (प्रमुखाच्या) आईला सारेजण याडी (आई) म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि कांचळीला (चोळीला) रुपयाएवढे गोल आरसे. ती दारात बसून हसली की समोरच्या भिंतीवर कवडसे नाचायचे. माझा बेत ऐकल्यावर ते बराच वेळ नाचत राहिले.

जेवायला ज्वारीची बाटी (भाकरी), तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी आणि ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आणलं. याडीला ते प्रेमाचं वाटलं असावं, कारण तिने आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी तिने मला दोन तुंबे दिले आणि आमचा कारखाना सुरू झाला. काजळीत बाभळीचा डिंक कालवून तुंब्यात ओतायचा आणि आतून सगळीकडे फिरवायचा. पोटाला खिडकी कापून तिच्यावर काजळी माखलेलं पळसाचं सुकं पान चिकटवायचं, त्याला बाभळीच्या काट्याने भोक पाडायचं. हे झालं भिंग. भोकावर मधाच्या पोळ्याच्या मेणाची गोळी, ते झाकण. मग धान्याच्या बिनखिडकीच्या खोलीत शिरून कागदाची गुंडाळी तुंब्याच्या तोंडातून आत सरकवायची आणि वर लाकडी बूच. दोन दिवसांनी माझ्या हातांकडे पाहून कोणीही मला लोहार म्हणालं असतं.

पहिला तुंबा मी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) टेकडीकडे तोंड करून ठेवला, मेण काढलं, आणि चित्र उमटायला लागणारी दहा मिनिटं काढायला माधवबरोबर झाडाखाली गेलो. परत येऊन उचलतो तर तुंबा जड. पुढच्या भोकातून पाण्याची बारीक धार लागलेली. शेजारच्या तासात (पिकाच्या ओळीत) याडी कापूस वेचत होती.

"रिकामाच व्हता तुहा तुंबा," ती म्हणाली. "उन्हात कोनी रिकामा तुंबा ठेवते काय? म्या भरून ठेवला."

माझा पहिला कागद आत आंघोळ करत होता. पण तिचं तरी काय चुकलं? त्या मुलुखात धुऱ्यावर तुंबा दिसला की तो पाण्याचाच, आणि रिकामा दिसला की भरायचाच.

दुसऱ्या दिवशी दुसरा तुंबा. या वेळी मी याडीला आधी सांगून ठेवलं. शेळीला सांगायचं राहिलं. मी घड्याळात पाहत होतो तेवढ्यात तिने पळसाचं पान डिंकासकट ओरबाडून खाल्लं. कॅमेऱ्याचं भिंग खाऊन रवंथ करणारा प्राणी मी पहिल्यांदाच पाहिला. माधव हसून हसून जमिनीवर बसला. मला मात्र हसू येईना. माझ्याजवळ आता एकच कागद उरला होता, आणि डोळ्यांसमोर हंस पोहू लागले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तांड्यात घरोघरी फिरून सांगितलं, की घटकाभर टेकडीच्या बाजूला कोणी फिरकू नका.

"काहून?" याडीने विचारलं.

"मला फक्त टेकडी हवी आहे. माणसं नकोत."

"टेकडीवर आमी रोज जातो. आमच्याबिगर थे टेकडी कायची?"

शहरातला शहाणा खेड्यात हसतो तसा मी हसलो आणि निघालो. नवं पान लावलेला तुंबा ठेवला, चहूबाजूंना शेळी नसल्याची खात्री केली आणि मेण काढलं.

चार मिनिटं झाली असतील. तांड्यातल्या बायका रांगेने वाटेवर आल्या. वेचणीची वेळ झाली होती, आणि टेकडीपलीकडच्या शेतात जायला ती एकच वाट होती. मी दोन्ही हात हलवले. त्यांना वाटलं, मी निरोप देतोय. त्यांनीही हात हलवले आणि हसत, बोलत, माझ्या एकुलत्या एका फोटोतून सावकाश चालत गेल्या. सगळ्यांच्या मागे याडी होती. ती वाटेच्या मधोमध थांबली आणि माझ्याकडे तोंड करून काहीतरी म्हणाली. वाऱ्यामुळे मला ऐकू आलं नाही.

"याडी, बाजूला व्हा," मी ओरडलो. "सगळ्याचं वाटोळं केलंत तुम्ही."

ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग बायकांच्या मागे निघून गेली.

"अबे," माधव हळूच म्हणाला, "वाट त्यायची हाय."

मला लाज वाटली. जिने मला तुंबे दिले, रोज जेवू घातलं, तिच्यावर मी तिच्याच वाटेवर ओरडलो होतो. माफी मागायला हवी होती. पण माझी जीभ टोमण्यांना जेवढी तिखट तेवढीच माफीला बोथट. त्या दिवशी याडीने नेहमीसारखंच पोटभर वाढलं, पण भिंतीवर कवडसे नाचले नाहीत. दुसऱ्या दिवशी निघताना तिने माझ्या हातात बाट्यांचं गाठोडं दिलं आणि ती घरात गेली.

पुण्यात आल्यावर भाऊजी आणि मी डार्करूममध्ये शिरलो. कागदावर आधी उलटं चित्र उमटलं, टेकडीवर काळे ठिपके घेऊन. "बुरशी," भाऊजी म्हणाले. मग त्यावरून सुलटा फोटो छापला. तुंब्याच्या पोटात कागद वाकल्यामुळे टेकडीला थोडी कंबर आली होती, पण टेकडी होती, पळस होता, वाट होती. बाई एकही नव्हती. एवढ्याशा भोकातून चित्र उमटायला मिनिटं लागतात, आणि चालणारी माणसं तेवढी थांबत नाहीत. फक्त वाटेवर पांढऱ्या ठिपक्यांची एक रांग होती.

भाऊजींनी सवयीने बारीक ब्रश उचलला. "फोटो आला खरा. एवढे डाग टिपून टाकू."

मी त्यांचा हात धरला. "नका. त्या बायका आहेत. त्यांच्या चोळीच्या आरशांवर ऊन पडलं होतं."

भाऊजींनी भिंग लावलं. "आणि मागे राहिलेला हा मोठा ठिपका? इथे तर उभ्या माणसाची सावलीही दिसते."

"ती थांबली होती."

"कशाला?"

"वाऱ्यात ऐकू आलं नाही," म्हणत मी ब्रश त्यांच्या हातातून काढून घेतला. भाऊजींनी दर्शनी कपाटातून एक नवं जोडपं काढलं आणि तिथे टेकडी लावली.

एक प्रत मी माधवला पाठवली. सोबत लिहिलं, की याडीला सांग, मी चुकलो. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. फोटो पाहायला सारा तांडा जमला होता आणि कोणता ठिपका कोणाचा यावरून बायकांचं भांडण झालं होतं. याडी मात्र भांडली नाही. तिने मोठ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "थे मी. पोरगा उन्हात उभा व्हता. त्याले पाणी पायजे काय, इचारून राह्यली व्हती."

हंस मी अजून रंगवतो, पण आता पडद्याकडे कोणी फारसं बघत नाही. गिऱ्हाईक कपाटापाशीच थांबतं आणि तो मोठा ठिपका कसला म्हणून विचारतं. मी काही बोलण्याआधी भाऊजीच सांगतात, "त्या याडी. पाणी हवं का, विचारताहेत."

या थंडीत मी पुन्हा चाललोय. कागद एकही नेणार नाही. एवढंच सांगून यायचं आहे, की हो याडी, हवं होतं.