रोह्यातला मधाच्या रंगाचा पेन

जालन्याहून निघताना आईने विचारलं, "एवढ्या लांब, पेन बघायला?"

मी म्हटलं, "हो, पेन बघायला."

माझी आई सहीच्या जागी अंगठा उठवते. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी कोणी न विचारता सांगते. त्यात लाजायचं काय? बारावीच्या मुलांना वाणिज्य शिकवते आणि पहिल्या पगारापासून शाईचे पेन जमवते. आता तर फक्त इटलीचे, हाताने घडवलेले.

ज्यांना हे वेड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिकडे लहान लहान कारखान्यांत एकेक माणूस लेथवर रंगीत दांडी धरून पेन कातून काढतो, टोपणाचे आटे पाडतो, मग कितीतरी दिवस नुसता घासत बसतो. जुन्या पद्धतीच्या दांडीला सेल्युलॉइड म्हणतात. त्यात कापूर असतो, म्हणून टोपण काढलं की देवघराचा वास येतो. एका पेनातली रेघ दुसऱ्यात सापडत नाही. असा पेन हातात धरला की बॉलपेन म्हणजे दात कोरायची काडी वाटते.

काशिनाथभाऊंची ओळख याच वेडातून, फोनवर झाली. रोह्याजवळ रसायनांच्या एका कंपनीत ते फिटर होते. कंपनीत इटलीचं यंत्र आलं, ते बसवायला आलेल्या माणसाने जाताना खिशातला मधाच्या रंगाचा पेन काढून यांच्या खिशाला लावला. तिथून भाऊ बिघडले, हा त्यांचाच शब्द. दर रविवारी आमचा फोन व्हायचा. भेट कधीच झाली नाही. मी म्हणायची, "तो मधाळ पाठवा की बघायला." ते म्हणायचे, "म्याडम, माजा पेन कुरियरनं फिरत नाय. तुमी या."

यंदा थंडी सुरू होताना भाऊ गेले. महिनाभराने त्यांच्या पत्नीचा, इंदूवहिनींचा फोन आला. "पेनवाल्या बाई ना तुमी? या एकदा. पेनला भावजी हायत, ते तुमाला घेऊन येतील." मला वाटलं, पेनांचं काय करायचं ते विचारायचं असेल. मला वाईट वाटत होतं आणि तो मधाळ पेन मला हवाही होता. दोन्ही खरं आहे.

पनवेलला एसटी बदलली. कंडक्टरला "पेण" सांगून पर्समध्ये हात घातला तर बोटं निळी झाली. पेन भरून बघायला घेतलेली शाईची बाटली आतल्या आत गळली होती. साडीच्या निऱ्यांपर्यंत डाग.

कंडक्टर हसला. "ताई, पेनला चालल्या आनि पेनच फुटला!"

आजूबाजूची माणसं हसली, मीही हसले. या भागात बोलताना ण चा न होतो. पाणी नाही, पानी. कोण नाही, कोन. गाव पेण आणि हातातला पेन, दोन्ही तोंडातून एकच निघतात. मला तेव्हा त्याची गंमत वाटली.

पेणला उतरलं की गणपतीच दिसतात. भाद्रपद लांब होता, तरी टेम्पोत गणपती, ओट्यावर गणपती, गल्लीच्या तोंडाला उन्हात वाळत ठेवलेले गणपती. रिक्षाने हमरापूरला गेले. भाऊंचे धाकटे भाऊ जनार्दन यांचा तिथे कारखाना आहे (इकडे मूर्ती घडवण्याच्या जागेला कारखाना म्हणतात). पत्र्याच्या लांब शेडमध्ये पांढऱ्याफटक मूर्ती रांगेने बसलेल्या. अजून डोळ्यांची आखणी व्हायची होती. एवढे देव आणि एकाचीही नजर नाही. मला तिथे फार वेळ बघवेना.

जनार्दनभाऊंनी माझे हात पाहिले आणि रॉकेलचा बोळा पुढे केला. "पुसा आधी. नायतर माजा गनपती निळा व्हईल."

बोलका माणूस. अंगाने सडपातळ, मिशीवर पांढरी भुकटी, शर्टाच्या खिशाला बॉलपेन आणि दोन ब्रश. घरी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ) आणि तळलेला जिताडा (खाडीचा मासा). आमच्याकडे ज्वारीशिवाय जेवण म्हणत नाहीत, पण खोटं कशाला बोलू, मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

जेवताना त्यांनी आपणहून सांगितलं, "आमी दोगं भाऊ बोलत नवतो बरं का. वडलांची जमीन कंपनीला द्यायची का नाय, यावरनं. मी दिली. तो म्हनला, तुजं तोंड बघनार नाय. आनि नाय बघितलं. पोरांच्या लग्नालासुदा नाय."

"मग?"

"मग काय! शेवटाला माजंच नाव काडलं ना!" असं म्हणताना त्यांचा चेहरा उजळला. "चला, वाटंत दावतो."

दुपारच्या एसटीने रोह्याला निघालो. पेण सोडलं की खाडीची बाजू, मिठागरांचे चौकोन, आणि पुढे डोलवीच्या पोलाद कंपनीच्या धुरांड्यांचा धूर. रस्त्याकडेच्या झाडांची पानं तांबूस. कपडे वाळत घातले तर काळे होतात, असं शेजारची बाई सांगत होती. वडखळला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे ट्रक, मागे ट्रक.

जनार्दनभाऊंनी खिडकीतून बोट केलं. "हितं. त्या टायरवाल्याच्या समोर. हितं गेला तो."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सकाळी भाऊंची उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले, इथेच रोह्यात दवाखान्यात न्या, वेळ घालवू नका. पण भाऊ एकच शब्द बोलत होते, पेन, पेन. वहिनींना वाटलं, भावाकडे न्या म्हणतायत. त्यांनी जनार्दनभाऊंना फोन केला आणि गाडी पेणकडे घातली. वडखळला ती अशीच अडकली. जनार्दनभाऊ मोटरसायकलने आले, शेवटी ती टाकून ट्रकांमधून पळत आले.

"डोळं उगडं व्हतं. माज्याकडं बगितलं आनि म्हनला, पेन. मी हात धरला. म्हनलं, व्हय रं दादा, आलं पेन. मी आलो ना. मग गेला."

आमच्या पुढचा ट्रक हलला. त्यांनी डोळे पुसले आणि हसून म्हणाले, "एवडा राग धरला, पन शेवटाला भाऊच आटवला. मी सगळ्या हमरापुरात सांगितलंय."

रोह्याचं घर कंपनीच्या वाटेवर, दोन खोल्यांचं. दारापुढे वाल वाळत टाकलेले. इंदूवहिनी साठीच्या असतील. पाणी दिलं, चहा दिला, मग कपाटातून पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. आत मऊ फडक्यात चार पेन. एक समुद्रासारखा, एक करडा, एक लाल-काळा, आणि तो मधाळ.

मी खूप पेन पाहिले आहेत. असा नाही. उन्हात धरला तर आत मधाचे थर हलतात असं वाटलं. टोपण काढलं, कापराचा वास आला. निब भाऊंच्या हाताने एका बाजूला किंचित झिजलेली.

वहिनी म्हणाल्या, "बगून झालं? आता मी इचारते त्याचं उत्तर द्या."

"विचारा."

"दहाव्याला शेजारची बाई तोंडावर बोलली मला. म्हनली, तो लिवायला पेन मागत व्हता आनि तू त्याला पेनला नेलास. तवापासून मला झोप नाय. हितलं कोन काय सांगनार? तुमी वर्सानुवर्सं बोललात त्यांच्याशी. शिकलेल्या हाव. गाव मागत व्हते, का पेन?"

जनार्दनभाऊ पटकन म्हणाले, "वयनी, त्या बाईचं काय ऐकता! गावच. माजा हात धरला त्यानं."

"तुमी गप बसा, भावजी. बाईंना सांगू दे."

मी विचारलं, "तुम्ही तेव्हा त्यांना पेन देऊन पाहिला होता का?"

"दिला ना! मी काय येडी हाय? ग्यासचा नंबर लिवायला क्यालेंडरला पेन बांदलेला असतो, त्याची दोरी तोडून डाव्या हातात दिला. फेकला त्यांनी. म्हनून तर मला कळलं, ह्यो पेन नको, गाव पायजे."

"पडला की फेकला?"

"फेकला. त्या भिंतीवर."

कॅलेंडरशेजारी दोरीचं टोक अजून लोंबत होतं. तिथे बांधलेला होता तो बॉलपेन. मला कळलं. ज्यांनी कधी शाईच्या पेनावर जीव लावलेला नाही त्यांना ते कळणार नाही, पण मला त्याच क्षणी कळलं. भाऊ बॉलपेनला हात लावत नसत. कंपनीच्या रजिस्टरवर सही करायलासुद्धा स्वतःचा पेन काढायचे, आणि त्यावरून साहेबाशी भांडलेले होते.

"हे चार त्यांना का नाही दिले?"

वहिनी डब्याकडे पाहत राहिल्या. "ते व्हय? ते कुठं पेन... ते त्यांचं सामान. कपाटातलं. आमाला हात लावायची बंदी. माज्या ध्यानातच आलं नाय."

मी गप्प राहायला हवं होतं, असं आता कोणी म्हणेल. मी तशी नाही. आमच्या घरात आजवर सगळ्यांना शिकलेल्या माणसांनी खोटंच सांगितलं, म्हणून मी शिकले तेव्हा ठरवलं होतं, विचारणाऱ्याला खरं सांगायचं. मी म्हटलं, "वहिनी, त्यांना गाव हवं असतं तर त्यांनी बॉलपेन बाजूला सारला असता. फेकला, म्हणजे पेनच हवा होता. यातला."

जनार्दनभाऊंचा हात आपल्या खिशाकडे गेला. तिथे बॉलपेन होता. त्यांनी तो चाचपला आणि हात तिथेच ठेवला. "माज्याकडं बगून म्हनला तो. पेन," ते हळू बोलले. "मी म्हनलं, आलं."

वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "काय लिवनार व्हता तो?"

मी मधाळ पेनाचं टोपण लावलं.

"सांगा ना. एवडं कळलं तुमाला, त्ये पन सांगा. काय लिवायचं व्हतं त्याला?"

"मला माहीत नाही, वहिनी."

"मग कशाला आलात?" त्यांनी मधाळ पेन उचलून माझ्या हातावर ठेवला. "ह्यो न्या. तुमी येवाला नको व्हतं. आता आलात तर ह्यो घेऊन जा. घरात नको मला."

मी नको म्हटलं. खरंच म्हटलं. त्यांनी माझी बोटं एकेक करून त्यावर मिटवली आणि आत निघून गेल्या. वालाच्या शेंगांवर उन्हं उतरली होती. दारातून निघताना मी त्यांना हाक मारली, त्या आल्या नाहीत.

स्टेशनपर्यंत जनार्दनभाऊ सोबत होते. गाडीची वाट बघताना मी म्हटलं, "मला माफ करा."

"त्यात तुमी काय केलात?" ते म्हणाले. मग रुळांकडे बघत म्हणाले, "मी गावभर सांगितलंय, दादाला शेवटाला मीच पायजे व्हतो."

"आता?"

"आता पन तेच सांगीन."

गाडी आली तेव्हा त्यांनी माझी पिशवी वर चढवून दिली आणि मागे न बघता वहिनींच्या घराकडे निघून गेले. पेण स्टेशन आलं आणि गेलं. फलाटावर कापडात बांधलेल्या दोन मूर्ती घेऊन एक कुटुंब उभं होतं. मी उतरले नाही.

जालन्याला येऊन बरेच दिवस झाले. मी इंदूवहिनींना दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. खरं बोलण्याचा मला नेहमी अभिमान होता, अजूनही आहे, पण तो आता पूर्वीसारखा मोकळेपणाने वाटत नाही. वहिनींना दोन अर्थांतला एक हवा होता. गावाचा दिला असता तर तीन माणसांना झोप लागली असती, आणि माझं काही गेलं नसतं.

मधाळ पेन माझ्या पेटीत आहे. माझ्याकडचा सगळ्यात सुंदर पेन तोच. परवा आईने तो उघडला, वास घेतला, म्हणाली, "छान आहे गं. लिहून दाखव की काहीतरी."

मी शाईची बाटली काढली, उघडली, आणि पुन्हा झाकण लावून ठेवली. त्यातून पुढची ओळ ज्याला लिहायची होती, तो पेन मागत होता. सगळ्यांनी धावपळ करून त्याला पेणकडे नेलं.