पोळ्याच्या आदल्या दिवशीची लाट

माझ्या आत्याच्या मुलानं समुद्र कधी पाहिला नव्हता. आमच्या धाड गावाच्या बाजूला कुणीच पाहिला नव्हता. पण चिखलीच्या बाजारात कुणीतरी त्याला सांगितलं, परदेशात समुद्राच्या लाटांवर वीज काढायचा खटाटोप चाललाय म्हणे. झालं, तेव्हापासून याच्या डोक्यात लाटाच लाटा. विजेचा दिवा नागपूरला गव्हर्नरसाहेबाच्या बंगल्यात लागतो, एवढंच आम्हाला ठाऊक.

मामाची मुलगी म्हणून माझ्यावर त्याचा हक्क होता, आणि मलाही तोच हवा होता, हे उघडच सांगते. बाबांना मात्र डोणगावचं स्थळ आवडलेलं. जमीन मोठी, मिशा मोठ्या, आणि नवरदेवही मोठाच, बाबांच्या बरोबरीचा. शेवटी आत्याच्या रडण्याला कंटाळून बाबा भाच्याला म्हणाले, "तू सारखा लाटा लाटा करतं. गावच्या तलावात लाटेवर दिवा लावून दाखव, पोरगी तुले देतो. नाई लागला, त पोळा झाल्यावर डोणगावची सुपारी फोडतो."

"हाव मामा," हा म्हणाला. विचार नाही, काही नाही. मला असा राग आला की विचारू नका.

तलावाच्या काठावर त्यानं खुंट्यांवर सायकलचं चाक बसवलं, त्याला दिवा जोडलेला डायनामो टेकवला. चाकावर दोरी गुंडाळली आणि तिचं दुसरं टोक घासलेटच्या रिकाम्या डब्याला बांधून डबा पाण्यात सोडला. लाट आली की डबा हलेल, दोरी ओढली जाईल, चाक फिरेल, दिवा लागेल. फक्त लाट तेवढी यायची राहिली होती. आमच्या तलावात म्हैस बसली तरी पाणी हलत नसे.

मग त्याला खांदमळणी आठवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावचे सगळे बैल तलावात धुतात आणि संध्याकाळी त्यांचे खांदे हळद-तुपानं मळतात. एवढे बैल एकदम पाण्यात शिरल्यावर लाट न उठून सांगते कुणाला, असं त्याचं म्हणणं.

बैल शिरले. शिरले आणि डोळे मिटून उभे राहिले. वर्षभर राबल्यावर कुणी प्रेमानं अंग घासून देतंय, तर हलायचं कशाला? लोकांनी आरोळ्या दिल्या, शेपट्या पिळल्या. डबा जागचा हलेना. अंधारून आलं. बाबा काठावर हात मागे बांधून कोरडे ठणठणीत उभे. मी बायकांत उभी राहून मामा-भाच्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते.

तेवढ्यात डबा आमच्याच बांड्या बैलाच्या नाकाला लागला. त्यानं तो उडवला, दोरी शिंगात अडकली आणि बैल बुजला. अशी उडी मारली की बाबा डोक्यापासून धोतरापर्यंत चिंब. बैल डब्यासकट गावाकडे सुटला, चाक गरगर फिरलं आणि दिवा लागला. लख्ख लागला. मग फट् करून गेला.

बैल धरून आणल्यावर बाबांनी हुज्जत काढली. "दिवा लागला, मान्य. पन बैलानं लावला. लाट कुठी होती बे?"

हा माठ खाली मान घालून चाक पुसत बसला. डोणगावच्या मिशा माझ्या डोळ्यांपुढे आल्या. आजवर पुरुषांत तोंड न उघडलेली मी पुढे झाले.

"लाट नोती, त तुमचं धोतर काऊन भिजलं, बाबा?"

बाबांनी धोतराकडे पाहिलं. आधी गाव हसलं, मग नाइलाजानं बाबाही.

आमचं लग्न गॅसबत्तीच्या उजेडात लागलं. अंतरपाट धरलेला असताना बत्ती मंद झाली, तर नवरदेव हार बाजूला ठेवून तिला पंप मारायला गेला. भटजी थांबले. मीही थांबले.