पेन्सिल लावायची नाही

बारामतीच्या स्टुडिओवाल्या काकांना फोटो कितपत काढता यायचे, याबद्दल मला आजही शंका आहे. पुसायला मात्र उत्तम यायचं. खिडकीशी तिरपी काच लावलेली असायची, तिच्यावर निगेटिव्ह ठेवून ते टोकदार पेन्सिलीनं लोकांच्या चेहऱ्यावरचे वण आणि डाग बुजवत बसायचे. स्थळांना पाठवायच्या फोटोंवर तर त्यांचा भारी जीव.

माझ्या हनुवटीवर खूण आहे. इंदापुरात आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लेथचं दुकान होतं. लाटणी, पाळण्याचे खांब, भोवरे तिथं व्हायचे. मी लहानपणापासून तिथंच. एकदा बाभळीची ढलपी उडाली आणि हनुवटीत घुसली. काकांनी ती खूण माझ्या फोटोतून घालवली. तो फोटो घेऊन पाहुणे आले, तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईंनी तो माझ्या तोंडाशेजारी धरला.

"फोटोत तर हे न्हाय," त्या म्हणाल्या.

पोहे खाऊन गेले ते गेलेच. मला लाज वाटली नाही, संताप आला. खूण पुसली काकांनी आणि खोटी ठरले मी!

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मी लेथवर शाईची पेनं करायला लागले होते. लाकूड बाभळीचं, चिंचेचं, बोरीचं. निबं तेवढी पुण्याहून यायची. तिथल्याच एका दुकानदाराला पेनं विकायला ठेवाल का विचारलं, तर त्यानं निरोप धाडला, आधी पेनांचे फोटो पाठवा, मग बघू. आबांनी सरळ सांगून टाकलं, "हे जमलं तर कर पेनं. न्हाय तर लेथ सोडायचा आन् लगीन हुईस्तवर घरात बसायचं."

म्हणून आम्ही एसटीनं बारामतीला गेलो. काकांनी मखमल अंथरली, कागदी गुलाब मांडले, मागं कारंज्याचा रंगवलेला पडदा सोडला आणि समोरून फ्लॅश मारला. पुढच्या आठवड्यात पुन्हा बारामतीला गेलो, तेव्हा फोटो हातात आले. पेनाच्या अंगावर पांढरा फटक पट्टा, बाकी सगळे गुलाब. आणि बाभळीच्या पेनावर टोपणाखाली जी काळी गाठ होती, ती गायब. गाठ फुटू न देता लाकूड कातायचं म्हणजे श्वास धरून बसावं लागतं.

"डाग हुता, काढला," काका खुशीत म्हणाले. "त्याचं काय लावलं न्हाय तुमास्नी."

"डाग न्हवता काका, गाठ हुती. माझी हनुवटी पुसली तशी हीबी पुसली व्हय?"

आबांनी डोळे वटारले. "गप. त्यास्नी कळतंय त्यांचं काम."

"आन् माझं मला कळतंय. फोटोत न्हाय म्हणून लोक एकदा माघारी गेल्यात. आता पेनंबी माघारी घ्यायची का?"

काका हसले. "मग तूच सांग, कसा काढायचा फोटो."

ते चेष्टेनं म्हणाले होते, पण मी खरंच सांगितलं. लाकूड घासून झालं, की ओरखडे बघायला मी ते दुकानाच्या दाराशी धरायची. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ आत येऊ नये म्हणून दाराला आबांचं जुनं धोतर बांधलेलं असायचं. त्यातून कडेनं येणाऱ्या उजेडात रेघ न् रेघ दिसायची, आणि डोळ्यांवर काही चमकायचं नाही. तसाच उजेड मला हवा होता.

काकांच्या मागच्या पडवीत आम्ही त्यांचंच एक धोतर बांधलं. खाली साधं गोणपाट, त्यावर पेन आडवं. अंधाऱ्या बाजूला मी साडीच्या खोक्याचं पांढरं झाकण धरून उभी राहिले, म्हणजे उजेड तिकडूनही थोडा परतेल. कॅमेरा हलू नये म्हणून काकांनी तो तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवला. फ्लॅश मी काढायला लावला. तोंड वाकडं करून का होईना, त्यांनी तो काढला.

रोलमध्ये एक फोटो शिल्लक होता. मी झाकण आबांच्या हातात दिलं आणि त्याच उजेडात, हनुवटी वर करून, स्टुलावर बसले.

"पेन्सिल लावायची नाही," मी म्हणाले.

पुण्याहून उत्तर आलं, गाठीची पेनं आणखी असतील तर पाठवा. लेथ माझ्याकडं राहिला. माझा फोटो मात्र दोन स्थळांकडून परत आला, आणि मला आता घरात काय ऐकावं लागणार ते दिसू लागलं.

तिसऱ्या वेळी मध्यस्थ थेट दुकानात आला. फोटो बघून आबांच्या कानाशी लागला, "हनुवटीवर जरा हात फिरवून घेतला असता काकांकडनं..."

मी लेथ थांबवला. आबांनी त्याच्या हातातून फोटो काढून घेतला आणि फळीवर, पेनांच्या फोटोंशेजारी उभा केला.

"पोरगी फोटोत हाय तशीच हाय," ते म्हणाले. "ज्याला पुसल्याली पायजे, त्यानं हितनंच माघारी फिरायचं."