मामांचा रंगीत टीव्ही

माझ्या बायकोच्या मामांइतका श्रीमंत माणूस त्या काळी लालबाग-परळ भागात दुसरा नव्हता, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. मी कचेरीत हिशेब तपासणारा माणूस आहे, आकडा पाहिल्याशिवाय सही करत नाही. मामांच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात एकदा मी सगळ्या वस्तूंची मोजदाद करायला बसलो होतो. छत्र्यांच्या काड्या झाल्या, सोड्याच्या बाटल्यांची बुचं झाली, सिगारेटच्या पाकिटांतली चांदी झाली, आणि टूथपेस्टच्या टोपणांपाशी मी हात टेकले. मामा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे साच्यावर कापड विणायचे. संप सुरू झाला, साचे थांबले. पण हात थांबायला तयार नव्हते. सकाळी संपाची बातमी काढायला म्हणून गिरणीच्या गेटपर्यंत जायचे आणि येताना बातमीऐवजी खिसाभर वस्तू घेऊन यायचे. मी एकदा, हा कचरा कशाला, असं विचारलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "जावयबापू, रस्त्यार पडलली वस्तू कचरो नसता. ती कोणाची तरी वाट बघीत असता."

वाट बघून दमलेल्या या वस्तूंची मामा पुढे लग्नं लावत. फुटक्या कपबशीचं जमत असे खराट्याच्या काडीशी, आणि त्यातून मोर होई. तो मोर दरवाज्यावर बसवलेला होता आणि कडी वाजवली की मान हलवायचा; वीजबिलवाला त्याला नमस्कार करून आत येई. गोंद मामांना मान्य नव्हता. साचेवाला तुटलेला धागा ज्या गाठीने जोडतो त्या गाठीने ते जगातली कुठलीही वस्तू कुठल्याही वस्तूला बांधत. मामींच्या चष्म्याची काडी, खुर्चीचा पाय, माझ्या छत्रीची मूठ, सगळं त्या गाठीवर उभं होतं. छत्री पुढे हरवली, पण मूठ निघाली नाही, एवढी खात्री मी देतो.

दुसरं वेड सिनेमाचं. संपाच्या आधी पगार झाला की मामा पिक्चर बघत आणि आठवडाभर चाळीला सांगत. संपात थिएटर बंद झालं, म्हणजे मामांसाठी. चाळीत एकदोन घरी टीव्ही होते, पण दुसऱ्याच्या दारात उभं राहून पिक्चर बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. म्हणून त्यांनी टीव्हीच केला. चहाच्या लाकडी खोक्याला आइस्क्रीमच्या काड्यांचं सरकतं शटर, टूथपेस्टच्या टोपणांची बटणं, आत वरखाली दोन रूळ आणि बाजूला हँडल. रुळांवर मांजरपाटाचा लांबलचक पट्टा, आणि पट्टाभर मामांनी हळद, नीळ, आळता आणि काजळ वापरून रंगवलेला पिक्चर. हँडल फिरवलं की चित्रं सरकत. संवाद, मारामारी, घोडे आणि पाऊस मामा खोक्यामागून तोंडाने करत. बाकीच्यांचे टीव्ही काळेपांढरे होते, त्यामुळे चाळीतला पहिला रंगीत टीव्ही आमच्या मामांचा, यात वाद नाही. कौलांवर त्यांनी छत्रीच्या काड्यांची अँटेनाही उभी केली होती. "टीव्ही म्हटल्यार अँटेना होयी. नायतर लोक काय म्हणतले?" शेजारच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की ते लोक वर चढून अँटेना फिरवत, तेव्हा मामाही वर जाऊन आपली फिरवून येत.

पिक्चर एकच होता. त्यात मामांनी आजवर पाहिलेले सगळे पिक्चर होते. गिरणीला टाळं लागतं, घर मोडतं, दोन भाऊ जत्रेत हरवतात, एक पोलीस होतो, एक चोर, आई आंधळी होते, काचेच्या डोळ्याचा खलनायक मरतो आणि शेवटी लग्न. तिकिटाला पैसे चालत नसत. येताना वाटेत सापडलेली एक वस्तू द्यायची. अडचण एवढीच होती की मामा पट्टा परत गुंडाळत नसत. सकाळचा खेळ संपला की पट्टा वरच्या रुळावर गेलेला असे. संध्याकाळी ते तिथूनच हँडल उलटं फिरवायला लागत. मी म्हटलं, मामा, आधी गुंडाळून घ्या आणि मग दाखवा. त्यांना ते पटलं नाही. "प्रेक्षक नसताना फुकटचो साचो चालवक मी काय येडो आसय?" त्यामुळे सकाळचा खेळ सरळ आणि संध्याकाळचा उलटा, हा नियमच झाला. पोरांना त्यात काही वावगं वाटत नसे. काही पोरं तर उलटाच खेळ पसंत करत, कारण त्यात मेलेली माणसं उठतात.

आता मुद्द्याचं सांगतो. मामांची मुलगी सुमन लग्नाची होती आणि दोन स्थळं 'संपातलं घर' म्हणून परत गेली होती. मुलीसोबत उद्या व्याह्यांनाही पोसावं लागेल, ही भीती. तिसरं स्थळ माझगावचं होतं, मुलाचे वडील गोदीत फिटर. ते लोक रविवारी संध्याकाळी यायचे ठरले. मामींनी टीव्हीवर क्रोशाचं झाकण घातलं आणि मामांना बजावलं, "आज तेवढे गप ऱ्हवा." मामांनी मान हलवली. दारावरच्या मोरानेही हलवली.

पाहुणे आले, पोहे झाले, सुमनने चहा दिला. मुलाची आई चहा पिता पिता झाकणाकडे बघत होती. चाळीत शिरताना तिने कौलांवरच्या अँटेना मोजून घेतल्या होत्या.

"संपातसुद्धा टीव्ही ठेवलात म्हणजे घर सावरून आहे," ती म्हणाली. "आज रविवार. पिक्चर सुरू झाला असेल. लावा की."

"लाइट गेलीहा," मामी म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावर दिवा लख्ख जळत होता.

मी घाईघाईने मुलाच्या बढतीचा विषय काढला. पण "लावा की" हे शब्द मामांच्या कानात शिरले होते. ते उठले. "लाइटीचो ह्येका काय संबंध? ह्यो हातार चालता." त्यांनी झाकण काढलं, शटर सरकवलं आणि खोक्यामागे बसले. सुमनने खाली घातलेली मान वर केली नाही. मामींनी डोळे मिटले. मी तीन स्थळांची बेरीज मनातल्या मनात शून्य लिहून टाकली.

खेळ संध्याकाळचा होता. त्यामुळे पहिल्याच चित्रात नवरानवरीने एकमेकांच्या गळ्यातले हार काढून घेतले आणि आपापल्या घरी गेली. मुलाची आई चपापली. बघायला आलेल्या घरात हे दृश्य शुभ नव्हतं. मग खलनायक दरीतून वर आला, त्याने लुटलेले दागिने एकेक करून परत केले. आंधळी आई बघायला लागली. मुलाच्या आईने पदर डोळ्यांना लावला आणि हळूच विचारलं, "आता पोरं हरवणार नाहीत ना?"

"पोरां गावतली," खोक्यामागून आवाज आला. "जत्रेतच गावतली. घाबरा नको."

भाऊ जत्रेत सापडले, मोडलेलं घर जुळलं. शेवटी गिरणीचं गेट आलं. आधी टाळं लागलेलं. मग हँडल थोडं फिरलं आणि टाळं नाहीसं झालं. पुढच्या चित्रात गेट सताड उघडं, चिमणीतून काजळाचा धूर, डबे घेतलेले लोक आत चाललेले. मामांनी रॉकेलचं नरसाळं तोंडाला लावलं आणि पहिल्या पाळीचा भोंगा वाजवला.

तो भोंगा चाळीने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. गॅलरीतली दारं उघडली. शेजारच्या खोलीतले आजोबा झोपेतून उठून ओरडले, "भोंगो झालो? डबो खय हा?" त्यांच्या सुनेने त्यांना समजावून पुन्हा निजवलं, तेही आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मामा खोक्यामागून बाहेर आले नाहीत.

मुलाचे वडील पुढे सरकून त्या गेटजवळ बसले. मग म्हणाले, "तिकीट किती?"

"पैशे चलणत नाय. वाटेर गावलली एक वस्तू द्येवची."

त्यांनी खिशात हात घातला आणि एक पितळी नट काढला. "गोदीत पडला होता. का उचलला कुणास ठाऊक. ही रोज विचारते."

"रोज विचारते," मुलाची आई म्हणाली. "डबाभर झालेत घरी." मग ती मामींकडे वळली. "मुलगी पसंत आहे आम्हाला. पण लग्न सकाळच्या मुहूर्तावर धरा हो. तुमच्याकडे संध्याकाळी हार उतरतात."

लग्न सकाळीच झालं. संप कधी संपला ते कुणी धड सांगू शकत नाही. मामांची गिरणी मात्र उघडली नाही. पुढे तिच्या जागी काचेची इमारत आली, आणि एकदा मी मामांना तिथला मॉल दाखवायला नेलं. बुटांच्या दुकानात मधोमध उभे राहून ते म्हणाले, "हय. हय माझो साचो होतो." विक्रेत्याने त्यांचं माप घेतलं. वर थिएटरच्या दारात त्यांनी तिथल्या मुलाला, तुमी रीळ परत गुंडाळतास काय, असं विचारलं. तो म्हणाला, "अंकल, रील नहीं है, सब कॉम्प्युटर में है." मामांना त्या मुलाची कीव आली. त्यांनी बाकाखाली पडलेलं एक झाकण उचललं आणि आम्ही घरी आलो.

मामा गेले त्या आठवड्यातला त्यांचा शेवटचा खेळ संध्याकाळचा होता. तेव्हापासून पट्टा उघड्या गेटवर थांबलेला आहे. नियमाने पुढचा खेळ सकाळचा, म्हणजे हँडल फिरवलं की पहिल्यांदा टाळं लागणार. त्यामुळे ते कुणीच फिरवत नाही. मामी रोज खोकं पुसतात, तेवढ्यापुरतं हँडल घट्ट धरून ठेवतात.

व्याही आता निवृत्त झालेत. महिन्यातून एखाद्या रविवारी माझगावहून येतात, शटर सरकवतात, चहा होईपर्यंत त्या गेटसमोर बसतात. चित्र हलत नाही, त्यांची तक्रारही नसते. हिशेबाने पाहिलं तर न झालेल्या खेळाचं तिकीट परत करायला हवं. पण जाताना ते खिशातून एक पितळी नट काढून मामींच्या हातावर ठेवतात, आणि मामी तो मामांच्या तिकिटांच्या डब्यात टाकतात.